प्रश्नोत्तरे : शेवटचा पेला केव्हा घेतला?

व्यसनाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत 'व्यसन सोडवावे कसे' असे विचारले आहे. सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात शरीराचे काय होते आणि त्या आठवड्यात डॉक्टरांनी काय करायचे असते, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. जिवावर बेतते ते पुष्कळदा याच आठवड्यात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख दिलेली नाही.

प्रश्न : माझे यजमान वर्षभर रोज पितात, पण श्रावण कडक पाळतात. गटारीला भरपूर घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून बाटलीला हात लावत नाहीत. गेली काही वर्षे श्रावणाच्या पहिल्या दोन दिवसांत त्यांचे हात इतके थरथरतात की कप बशीवर वाजतो. रात्रभर झोप नाही, बनियन घामाने भिजते. या वर्षी फिट आली. घरातले म्हणतात, महिनाभर राहू शकतात म्हणजे व्यसन नाही. मग हे काय आहे?
— एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, हे दारूचे विथड्रॉवल, म्हणजे सवयीची दारू अचानक थांबल्यावर शरीरात उठणारा त्रास, आहे आणि फिट आल्यामुळे ते आता गंभीर प्रकारात मोडते. दारू मेंदूतील 'गाबा' या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि 'ग्लुटामेट' या उत्तेजित करणाऱ्या रसायनाला दाबून धरते. वर्षानुवर्षे रोज दारू मिळत राहिली की मेंदू समतोल साधण्यासाठी उलट्या दिशेने जोर लावायला शिकतो, आणि दारू एका दिवसात बंद झाली तरी तो जोर मात्र लगेच ओसरत नाही. थरथर, घाम, धडधड, मळमळ, झोप उडणे ही त्याचीच लक्षणे. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते आठ तासांत थरथर सुरू होते. फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, आणि भ्रमिष्टपणाची अवस्था, जिला डॉक्टर 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात, ती दोन ते चार दिवसांच्या दरम्यान गाठते. गटारीच्या रात्रीपासून मोजून पाहा, तुमच्या यजमानांचे वेळापत्रक यात नेमके बसेल.

महिनाभर न पिणे हा व्यसन नसल्याचा पुरावा होत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या वर्गीकरणात व्यसनाच्या निदानासाठी अकरा निकष आहेत. बारा महिन्यांत त्यांपैकी दोन आढळले तरी निदान होते, चार-पाच असतील तर मध्यम आणि सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. ठरवल्यापेक्षा जास्त पिणे, कमी करण्याचे प्रयत्न फसणे, तितकीच नशा येण्यासाठी मात्रा वाढवावी लागणे, कामाची हेळसांड होणे, बंद केल्यावर शरीराने बंड करणे असे ते निकष आहेत. व्रत पाळण्याची जिद्द यजमानांकडे आहे आणि उपचारात ती मोलाची ठरेल. पण श्रावण संपताच पुन्हा रोज, आणि पुढल्या वर्षी पुन्हा एकदम बंद, हा क्रम मेंदूला महाग पडतो. अशा दर खेपेला विथड्रॉवल आधीपेक्षा तीव्र होण्याची प्रवृत्ती असते. सुरुवातीला नुसती थरथर आणि या वर्षी फिट, याचे कारण बहुधा हेच असावे.

तरीही ही पहिलीच फिट असल्याने मेंदूचे स्कॅन, साखर आणि रक्तातील क्षार तपासून घ्यावेत, कारण पिणारा माणूस पडतो, डोक्याला मार लागतो आणि ते त्याच्या लक्षातही राहत नाही. फिट केवळ विथड्रॉवलची ठरली तर आयुष्यभर फिटच्या गोळ्या घेण्याची गरज नसते. फेनिटॉइनसारखी औषधे विथड्रॉवलच्या फिटा टाळत नाहीत. त्या टाळल्या जातात मेंदू शांत करणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातील औषधांनी, म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम यांनी. पहिल्या दिवशी पुरेसा डोस देऊन तो पाच ते सात दिवसांत उतरवत नेतात आणि बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावेच लागते.

पुढल्या वर्षी गटारीच्या आधी आठ-दहा दिवस मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि दारू त्यांच्या देखरेखीखाली थांबवा. खरे तर श्रावणाची वाट पाहू नये. ज्याला पूर्वी फिट किंवा भ्रम झाला आहे, ज्याला सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते, ज्याला यकृताचा किंवा हृदयाचा आजार आहे, जो दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही घेतो किंवा ज्याच्याजवळ घरी कोणी नसते, त्याने घरच्या घरी दारू तोडू नये. त्याला दाखल करणेच बरे. हे वाचून काही जण नाराज होतील, पण अशा माणसाने डॉक्टर गाठेपर्यंत दारू एकदम थांबवू नये, असेच मी सांगतो. माळ घातल्यावर, नवस बोलल्यावर किंवा सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला शपथ घेतल्यावरही हाच नियम लागू होतो. शपथ आज घ्यावी आणि तिचा पहिला आठवडा दवाखान्यात काढावा.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. मांडीचे हाड मोडलेला पंचेचाळीस वर्षांचा टेम्पोचालक दाखल झाला होता. दोन दिवस शांत होता. तिसऱ्या रात्री उठून बसला, सलाइनची सुई उपसली, 'गाडी काढतो' म्हणत हवेत स्टिअरिंग फिरवू लागला. भिंतीवर पाली दिसतात म्हणाला, चादरीवरून काहीतरी झटकत राहिला. नातेवाइकांना बाधा वाटली, अस्थिरोगतज्ज्ञांना वेदनाशामकाचा परिणाम वाटला. हे आधीच ओळखता येते का?
— एक वैद्यकीय अधिकारी, मराठवाडा

उत्तर : डॉक्टर, ओळखता येते, आणि त्यासाठी लागणारा प्रश्न दाखल करतानाच्या कागदावर असायला हवा. 'दारू पिता का?' असे बायकोमुलांसमोर विचारले की 'नाही साहेब, कधीतरी' हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी सगळ्यांना बाहेर पाठवून, आवाजात कसलाही आरोप न आणता, 'शेवटची केव्हा घेतली?' असे विचारावे. मग 'दिवसाला किती होते, नाइन्टी की क्वार्टर?' आणि 'सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला थोडी लागते का?' क्वार्टरमध्ये १८० मिलिलिटर असतात. ४२.८ टक्के तीव्रतेच्या दारूत त्यात सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क भरतो, म्हणजे दहा ग्रॅमचे एक प्रमाण धरले तर एका क्वार्टरमध्ये सहा प्रमाणे. रोज एक क्वार्टर घेणाऱ्याला 'थोडीशी घेतो' म्हणता येणार नाही. हातभट्टीत हा हिशेब चालत नाही, कारण तिची तीव्रता दर भट्टीला वेगळी असते. तिथे सकाळच्या घोटाचा प्रश्नच अधिक बोलतो. पत्नीला किंवा भावाला वेगळे गाठून तेच विचारावे. वेळ असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी करावी.

तपासताना दोन्ही हात समोर लांब करून बोटे फाकवायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा. हात आणि जीभ दोन्ही थरथरत असतील, तळवे ओले असतील, नाडी शंभराच्या वर असेल आणि वेदनाशामक देऊनही रक्तदाब चढा राहत असेल, तर मोडलेल्या हाडापलीकडे पाहायला हवे. रक्तात गामा-जीटी हे यकृताचे विकर वाढलेले, लाल पेशींचे आकारमान वाढलेले आणि यकृताच्या विकरांत एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून अधिक असेल तर संशय बळावतो, पण हे सगळे ठीक असले तरी विथड्रॉवल येऊ शकते. तीव्रता मोजण्यासाठी 'सीवा' ही दहा मुद्द्यांची श्रेणी सोयीची आहे. तिच्यातले बरेच मुद्दे रुग्णाच्या उत्तरांवर अवलंबून असल्यामुळे रुग्ण एकदा भ्रमात गेला की ती उपयोगाची राहत नाही, आणि ही गोष्ट वॉर्डात सहज विसरली जाते.

तुम्ही वर्णन केलेले चित्र डेलिरियम ट्रेमेन्सचेच आहे. चालक स्टिअरिंग फिरवतो, शिंपी अंथरुणावर बसून मशीनचे पायडल मारतो, भाजीवाला हवेतच जुडी बांधतो. हाताला सवय असलेले काम भ्रमात चालू राहणे ही या अवस्थेची जुनी ओळख आहे. दिसणाऱ्या पाली, अंगावरचे किडे, दिवस-रात्रीचा घोळ, ताप, घाम आणि वेगवान नाडी हे सारे एकत्र आले की मानसिक आजाराचे निदान करून रुग्णाला मनोरुग्णालयात पाठवण्याची घाई करू नये. ही शारीरिक आणीबाणी आहे. पूर्वी उपचारांअभावी अशांपैकी तिघांत एक दगावत असे. आज वेळेवर उपचार झाले तर मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली राहते.

निदान पक्के वाटले तरी साखर, सोडियम, संसर्ग आणि डोक्याचा मार यांची खात्री करूनच पुढे जावे. अपघातात मांडी मोडलेल्याच्या डोक्यालाही मार लागलेला असू शकतो. यकृत निकामी होऊन आलेल्या गुंगीशीही गल्लत होते. तिथे रुग्ण सुस्त असतो आणि मनगट फडफडते; इथे तो जागा, घाबरलेला आणि बारीक थरथरणारा असतो. हा फरक महत्त्वाचा, कारण यकृताच्या गुंगीत झोपेचे औषध घातक ठरते.

उपचारात पहिले औषध बेन्झोडायझेपिन. यकृत बरे असेल तर डायझेपाम, खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम. रुग्ण शांत, पण हाक मारल्यावर जागा होईल इतपत डोस पुन्हा पुन्हा द्यावा आणि श्वासावर लक्ष ठेवावे. हॅलोपेरिडॉल हे भ्रमावरचे औषध एकटे देऊ नये. त्याने फिटेचा उंबरठा खाली येतो. बेन्झोडायझेपिन पुरेसे देऊनही भ्रम अनावर असेल तर जोडीला थोडेसे चालते. दुसरे औषध थायमिन, आणि याबद्दल थोडे जास्त लिहितो. आपल्याकडे 'अशक्तपणा आहे' म्हणून डेक्स्ट्रोजची बाटली लावण्याची इतकी सवय आहे की पिणारा माणूसही आधी तीच मागतो. ज्याच्या शरीरात बी-१ संपत आले आहे त्याला नुसती साखर चढवली तर उरलेसुरले बी-१ ती साखर वापरण्यातच खर्ची पडते आणि वेर्निकचा मेंदूविकार उद्भवू शकतो. डोळ्यांची हालचाल अडखळणे, चालताना तोल जाणे आणि गोंधळ ही त्याची तीन लक्षणे पुस्तकात एकत्र असतात, रुग्णात क्वचितच. म्हणून तिन्हींची वाट न पाहता शिरेतून थायमिन द्यावे, आणि वेर्निकचा संशय असेल तर ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, अशा मोठ्या मात्रेत. हे हुकले तर स्मृती कायमची जाते. साखर खरोखरच धोकादायक कमी असेल तेव्हा मात्र थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवू नये, दोन्ही एकदमच द्यावेत.

रात्री दिवा चालू ठेवणे, शक्यतो तीच परिचारिका आणि ओळखीचा एक माणूस जवळ असणे याचाही उपयोग होतो. हात बांधणे टाळावे. बांधलेला रुग्ण झगडतो, ताप वाढतो, स्नायूंची नासाडी होते.

आणि प्लास्टर घालून त्याला तसाच घरी पाठवू नका. २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळालेला असतो. तुमचा टेम्पोचालक दहा दिवस तुमच्या ताब्यात होता. दारूची हानी होते आहे पण पूर्ण अवलंबन नाही, अशांसाठी तर समुपदेशकही पदवीधर तज्ज्ञच असावा लागतो असे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी काही भेटींत केलेल्या समुपदेशनाचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी धोकादायक पिण्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के होते, तर नेहमीच्या उपचारात २६ टक्के. ज्यांचे अवलंबन पक्के आहे, त्यांना मात्र जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे पाठवा आणि चिठ्ठीत 'मद्यपी' एवढेच न लिहिता विथड्रॉवल कोणत्या दिवशी, कोणत्या स्वरूपात आले ते लिहा.

प्रश्न : एसटी स्टँडच्या भिंतीवर 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात असते. मुलासाठी मी पुडी मागवली आहे, आमटीतून द्यायची म्हणतात. द्यावी का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : देऊ नका. अशा पुडीत काय आहे हे पुडीवर लिहिलेले नसते. पुष्कळदा त्यात डायसल्फिरॅम असल्याचा संशय येतो. डेन्मार्कमधील हाल्ड आणि याकोबसेन यांनी १९४८ मध्ये पुढे आणलेले हे औषध खरे आहे आणि योग्य रुग्णाला त्याचा फायदाही होतो. ते घेतल्यावर दारू प्यायली तर अ‍ॅसिटाल्डिहाइड साठते, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. हृदयाचा आजार असलेल्याचा यात जीवही जाऊ शकतो. या औषधाचा सारा आधार घेणाऱ्याने 'आज मी गोळी घेतली आहे, प्यायलो तर काय होईल ते मला माहीत आहे' असे जाणून असण्यावर आहे. तुमच्या मुलाला ते ठाऊकच नसेल. तो मित्रांबरोबर घेईल, कोसळेल, आणि अपघात विभागातल्या डॉक्टरांना कुणीही सांगणार नाही की आमटीत काय होते. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो.

मुलाची संमती असेल तर हेच औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, दारू थांबून किमान बारा तास झाल्यावर, रोज सकाळी तुमच्या हाताने देता येते. घरच्या माणसाने समोर बसून दिलेली गोळी अधिक लागू पडते. मग खोकल्याची काही औषधे, टॉनिके आणि द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टेही टाळावी लागतात, कारण त्यांत मद्यार्क असतो. ज्यांना ही भीतीची वाट नको, त्यांच्यासाठी ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत. यकृत खंगलेल्या रुग्णाला कधीकधी बॅक्लोफेन देतात. पुडी फेकून द्या आणि मुलाशी तो शुद्धीत असेल अशा वेळी, शक्यतो सकाळी, बोला.

प्रश्न : एका केंद्राची गाडी येऊन भावाला रात्री उचलून नेईल, सहा महिने ठेवतील, भेटू देणार नाहीत, असे सांगतात. कायद्याने हे चालते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन तज्ज्ञांनी, ज्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ असला पाहिजे, स्वतंत्रपणे केलेली तपासणी आणि स्वतःला किंवा इतरांना धोका अथवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता, हे सारे लागते. कलम ८९ प्रमाणे तसे दाखल करणेही प्रथम ३० दिवसांपर्यंतच. कलम ९५ ने कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. केंद्र पाहायला जाल तेव्हा नोंदणीचा दाखला आणि नर्सची पाळी बघा, आणि पहिल्या आठवड्यात रात्री तीन वाजता फिट आली तर कोण येते हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर परत फिरा.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले तेव्हापासून महाराष्ट्रात एक वेगळी परंपराही आहे, जिथे बरे झालेली माणसेच नव्या रुग्णांना हात देतात. केंद्रांचा सगळाच बाजार वाईट नाही, पण निवड मात्र डोळसपणे करायला हवी.

प्रश्न : माझी पत्नी बारा वर्षे रात्री अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी घेते. नव्या डॉक्टरांनी 'उद्यापासून बंद' म्हणून सांगितले. तीन दिवसांत तिला असह्य घबराट आणि थरथर सुरू झाली. आम्ही तर कधी दारूला शिवलो नाही.
— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : गुरुजी, दारूशी संबंध नसला तरी मेंदूतील जागा तीच आहे. अल्प्राझोलाम हे बेन्झोडायझेपिनच आहे आणि ते एकदम बंद केल्यास फिटही येऊ शकते. आज पूर्वीचा डोस पुन्हा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला आणि मग दर दोन आठवड्यांनी साधारण एक दशांशाने कमी करत न्या. शेवटचा टप्पा सर्वांत हळू. काही वेळा जास्त काळ टिकणाऱ्या डायझेपामवर बदलून उतरवतात. सहा महिने किंवा वर्ष लागले तरी बिघडत नाही. दर उतरणीला दोन-चार रात्री झोप उडेल, तो जुना निद्रानाश परत आला असे समजू नका. वयस्कर माणसांत या गोळ्यांमुळे रात्री पडणे, विसराळूपणा आणि दिवसा सुस्ती येते, तेव्हा सोडवणे गरजेचे आहेच. या गोळ्या एच-१ अनुसूचीत असल्याने औषधविक्रेत्याने चिठ्ठी पाहून वहीत नोंद करायची असते. ओळखीवर स्ट्रिपा मिळत राहिल्या की काय होते, ते तुम्ही घरात पाहताच आहात.

प्रश्न : मुलगा तेवीस वर्षांचा. आधी टॅपेंटाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या, मग गर्द (ब्राउन शुगर). दोनदा केंद्रात ठेवला, दोन्ही वेळा बाहेर येऊन आठवड्यात पुन्हा सुरू. आता डॉक्टर बुप्रेनॉर्फिन द्यायचे म्हणतात. एक व्यसन सोडवून दुसरे लावायचे का? आणि सरकारी दवाखान्यात गेलो तर पोलीस येतील का?
— एक वडील, मुंबई

उत्तर : तुमचा मुलगा ज्याला 'टर्की' म्हणत असेल, ते गर्दचे विथड्रॉवल शेवटच्या मात्रेनंतर आठ-बारा तासांत सुरू होते. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हाडे फोडल्यासारखी वेदना आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कळसाला जाते आणि आठवड्यात ओसरते. दारूच्या विथड्रॉवलसारखे ते सहसा जीव घेत नाही, मात्र जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी होऊ देता कामा नये. धोका त्यानंतर असतो. आठ-पंधरा दिवस बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, मुलगा बाहेर येऊन जुन्याच मात्रेने घेतो आणि श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत घातक.

बुप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळवून घेतात. ते मेंदूतील अफूजन्य पदार्थांच्याच जागी बसते, पण अर्धवट काम करते. त्यामुळे टर्की येत नाही, ओढ शमते आणि वर गर्द घेतली तरी नशा फारशी चढत नाही. अशा उपचारात टिकून राहणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटते, हे अनेक देशांत दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये बुप्रेनॉर्फिन आणि अशाच उपचाराचे दुसरे औषध मेथाडोन आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. 'दुसरे व्यसन' हा आक्षेप मी जवळजवळ प्रत्येक बापाकडून ऐकतो. व्यसनाची व्याख्या गोळी रोज लागते यावर ठरत नाही. त्या पदार्थापायी माणूस चोरी करतो का, कामावर जातो का, घरी जेवायला बसतो का, यावर ठरते. इन्सुलिन रोज घेणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. पहिला डोस टर्की सुरू झाल्यावरच द्यायचा असतो. अंगात गर्द असताना दिला तर औषधच तिला जागेवरून हुसकते आणि तासाभरात तीव्र टर्की येते. मग मुलगा पुन्हा त्या औषधाला हात लावत नाही.

घरी कधी तो बेशुद्ध, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि अगदी संथ श्वास अशा अवस्थेत आढळला तर मीठपाणी, दूध, थंड पाण्याची अंघोळ यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा आणि 'अफूजन्य पदार्थाचा ओव्हरडोस आहे, नॅलोक्सोन लागेल' असे स्पष्ट शब्दांत सांगा; नॅलोक्सोन हा त्यावरचा उतारा आहे. पोलिसांची भीती लपवायला लावते आणि त्यात वेळ जातो. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ मधील कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचाराची चौकशी १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते.

प्रश्न : आमच्या गावात बायका दिवसातून चार-पाचदा मशेरी लावतात. गरोदरपणीही सुटत नाही. सोडली की डोके दुखते, शौचाला होत नाही म्हणतात. काय सांगावे?
— एक आशा कार्यकर्ती, रायगड जिल्हा

उत्तर : ताई, तक्रार खरी आहे. मशेरी भाजलेली तंबाखूच असल्याने निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते, आणि सोडल्यावर चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता हे सारे होते. पहिला आठवडा सर्वांत जड, मग दोन-चार आठवड्यांत कमी. उठल्यापासून अर्ध्या तासात मशेरी लागते का, एवढे विचारले तरी अवलंबन किती आहे ते समजते. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी आढळले. हा आकडा नोंदणीच्या वेळी सासूबाईंसमोर सांगा, कारण डबी बहुधा त्यांचीच असते.

गरोदर बाईला औषधांआधी समुपदेशन, भरपूर पाणी, पालेभाज्या, आणि सकाळच्या मशेरीच्या वेळी दात घासायला साधी पेस्ट. गरोदर नसलेल्यांना निकोटीनच्या च्युइंगगमचा उपयोग होतो, तो बरोबर वापरला तर. चघळत सुटायचे नाही. झिणझिण्या आल्या की गालाच्या आत ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा, आणि आधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही. विदर्भातल्या खर्ऱ्याला आणि आपल्याकडच्या माव्यालाही हेच लागू. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक आहे. बाईकडे फोन नसेल तर तुमच्या फोनवरून लावून द्या आणि ती बोलत असताना बाहेर ओट्यावर जाऊन बसा.